डावीकडचा कप

उंदरांना उदास करणं हे माझं काम आहे. पोटापाण्यासाठी माणूस काय काय करतं, त्यातलाच हा एक प्रकार. कोणी विचारलं तर मी "औषधांवर संशोधन करते" एवढंच सांगते, कारण खरं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो. पण खरं तेच आहे. चांगल्या हुंदडणाऱ्या उंदराला मी एक इंजेक्शन देते. त्याने त्याच्या अंगात आतल्या आत सूज पसरते. मग तो अंग चाटून साफ करायचं सोडतो, केस पिंजारलेले तसेच ठेवतो आणि कोपऱ्यात भुशात तोंड खुपसून बसतो. शरीर सुजलं की मनही मिटतं, असं आमचं म्हणणं. त्यानंतर मी त्याला एका रानटी झुडपाच्या पानांचा अर्क पाजते आणि तो पुन्हा माणसात येतो का, म्हणजे उंदरात येतो का, ते बघत बसते.

आता उंदराला काही "कसं वाटतंय रे बाबा?" असं विचारता येत नाही. म्हणून युक्त्या कराव्या लागतात. पहिली युक्ती दोन बाटल्यांची. पिंजऱ्याला एका बाजूला साखरेच्या पाण्याची बाटली लावायची, दुसऱ्या बाजूला साध्या पाण्याची. ज्याला जगण्यात गोडी आहे तो गोडाकडे जातो. ज्याला नाही त्याला दोन्ही सारखंच. यात एक गोम आहे. काही उंदरांना एका बाजूची सवय लागते, ते चव न बघता तिकडचंच पीत राहतात. म्हणून रोज सकाळी बाटल्यांची अदलाबदल करायची. दुसरी युक्ती पाण्याची. काचेच्या उभ्या भांड्यात पाणी भरायचं, उंदराला त्यात सोडायचं आणि हातात घड्याळ घेऊन बसायचं. हातपाय मारत राहिला तर त्याची उमेद शाबूत. नुसता तरंगत राहिला तर हताश. आमच्यात शब्दच तो आहे, हताश. वेळ संपली की त्याला बाहेर काढायचं, टॉवेलने पुसायचं आणि दिव्याखाली उबेला ठेवायचं. ही चाचणी मला कधीच आवडली नाही. पण आवडनिवड विचारायला मी उंदीर थोडीच आहे!

घरी आम्ही तिघी. आई, ताई आणि मी. मी धाकटी म्हणून छोटी. केस पांढरे व्हायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी छोटीच. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. आई म्हणते, दोन लेकींनी मिळून माझी चांगली जिरवली. ताई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, खिडकीला लागून, आणि सकाळपासून तिची बडबड चालू. गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, "बाई, कापड कमी नाही, तुम्ही जास्त आहात." आणि गिऱ्हाईक हसत हसत कापड ठेवून जायचं. माझी सगळी कॉलेजची वर्षं मी त्या मशीनच्या आवाजात अभ्यास केला. आवाज बंद झाला की मला उलट झोप यायची.

मागच्या थंडीत तिची बोटं सुजली. मग मनगटं, मग गुडघे. सांध्यांच्या डॉक्टरने तपासण्या केल्या, मोठं नाव असलेला आजार सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या यकृताला जड असतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासून घ्या, असंही सांगितलं. सूज उतरली. आम्ही म्हटलं, सुटलो. पण सूज उतरली तशी ताईही उतरली. मशीनवर चादर घातली ती काढलीच नाही. खिडकीशी खुर्चीत बसून राहायची, हात मांडीवर. केस विंचर म्हटलं तर "विंचरते" आणि तशीच. गिऱ्हाइकं आली तर "ती झोपलीय म्हणून सांग." बोलणंच संपलं. आमच्या घरात ताईने न बोलणं म्हणजे नळाला पाणी न येणं. मी म्हटलं, मनाच्या डॉक्टरकडे जाऊ या, त्यात लाजायचं काय. तर म्हणाली, "मला काही झालेलं नाही. मी दमलेय." तेवढंच. मला तिचा राग यायचा, आणि मग रागाचाच राग यायचा.

माझा जीव दिवसभर टांगणीला. सकाळी उदास उंदीर, संध्याकाळी उदास ताई. कुठे जाऊन हसावं माणसाने?

त्यात आमच्या साहेबांनी बातमी दिली. साहेब म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख. माणूस वाईट नाही, पण घाई फार. अर्क दिलेले उंदीर गोड पाणी जरा जास्त पितात आणि जरा जास्त वेळ पोहतात, एवढं आमच्या हाती लागलं होतं, तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही. साहेबांनी ते कोणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कोणाला, आणि शेवटी आईच्या मोबाईलवर आलं ते असं: "पानांच्या अर्काने सुजेमुळे आलेलं नैराश्य दूर!" सगळं होतं त्यात. पान होतं, सूज होती, साहेबांचा फोटोही होता. फक्त उंदीर पळाला होता.

"बघ," आई मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली. "सूज आणि नैराश्य. आपल्या घरातलंच लिहिलंय की नाही? आणि तू तिथे काम करतेस!"

"आई, ते उंदरांवर आहे."

"कुठे लिहिलंय उंदीर?"

"लिहिलं नाही. पण आहे."

"वा गं वा! इतकी वर्षं डोंगर पोखरलास, शेवटी उंदीरच काढलास ना? परक्यांचे उंदीर बरे करतेस आणि सख्खी बहीण खुर्चीत वाळून चाललीय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मी समजावून सांगितलं. उंदरांत चालतं ते माणसांत चालेलच असं नाही, बहुतेक वेळा नाहीच चालत. माणसाला किती द्यायचं ते कोणालाच माहीत नाही. आणि जास्त अर्क दिलेल्या आमच्या उंदरांची यकृतं फुगलेली निघाली होती, आणि ताईच्या गोळ्या तर आधीच यकृताला जड. "उद्या नसतं काही झालं म्हणजे?" मी विचारलं.

आईने मोबाईल खाली ठेवला. तिचा आवाजही खाली आला. "छोटी, आता आणखी काय व्हायचं राहिलंय? ती मेल्यासारखीच बसलीय. मी गेल्यावर तिचं कोण बघणार, तूच ना? मग तूच काय ते बघ."

ती खोलीत निघून गेली. ताई खिडकीशी होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण मान वळवली नाही.

मला झोप लागेना. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तो अर्क गडद तपकिरी बाटल्यांतून रांगेने उभा होता. एक थेंबही इकडचा तिकडे न करणारी बाई मी. पण तुमच्या फ्रिजमध्ये औषध असावं आणि तुमच्या घरात रोगी असावा, तर मन काय काय बोलतं ते ज्याचं त्याला ठाऊक. शेवटी मी मनाशी म्हटलं, आधी नीट बघू तर खरं. ताई खरंच तितकी बुडालीय की नुसती रुसलीय? मोजल्याशिवाय काही ठरवायचं नाही, ही आमची शिकवण.

आणि मी घरात दोन बाटल्यांची युक्ती केली.

हसू नका. रोज सकाळी ताईला चहा मीच द्यायचे. तेव्हापासून मी दोन कप भरायला लागले. एकात साखर, एकात नाही. एक तुझा, एक माझा, कुठलाही घे, असं म्हणून तिच्यासमोरच्या तिपाईवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. आज साखरेचा डावीकडे, उद्या उजवीकडे. ताई लहानपणापासून गोडघाशी. साखरेचा डबा तिच्यापासून लपवावा लागायचा. तिने एकदा घोट घेऊन फिका निघाला म्हणून कप बदलला असता, नुसतं तोंड जरी वाकडं केलं असतं, तरी मला पुरे होतं.

तिने रोज डावीकडचा कप घेतला. गोड असला तरी डावा, फिका असला तरी डावा. घोट घोट करत संपवायची आणि खिडकीबाहेर बघायची. उरलेला मी प्यायचे, आणि फिका मला जातच नाही, पण प्रयोग म्हणजे प्रयोग. जवळजवळ आठवडा असाच गेला. इतका स्वच्छ निकाल मला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता. चवीचा फरकच पडत नाही तिला! कोपऱ्यात भुशात तोंड खुपसून बसलेले सगळे उंदीर डोळ्यांसमोर आले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मी अर्काची एक लहान बाटली रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. साहेब समोरून आले तेव्हा मी पर्स काखेत घट्ट धरली. "काय, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दमलेय, सर." म्हणाले, "सगळेच दमलेत. पुढच्या आठवड्यात पोहण्याची चाचणी आहे, तेवढी उरका." मी हो म्हटलं.

सकाळी आई अंघोळीला गेल्यावर मी चहा टाकला. या वेळी दोन्ही कपांत साखर घातली, भरपूर. अर्क कडूजहर असतो. उंदरांनासुद्धा तो तोंडाने प्यायला ठेवता येत नाही, नळीने थेट पोटात सोडावा लागतो. मी वजनाचा हिशोब करून, त्यातही निम्मा करून, मग भीती वाटून त्याच्याही निम्मा करून, थोडासा अर्क एका कपात ओतला आणि ढवळला. रंगात फरक दिसला नाही. तो कप मी डावीकडे ठेवला. ती डावाच घेणार हे मला पक्कं माहीत होतं.

ताईने कपांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी ती अशी सरळ माझ्याकडे बघत होती.

"आज डावीकडच्यात काय घातलंस?" ती म्हणाली.

"काय घालणार? चहा आहे."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस गं? आठवडाभर मला एक दिवस गोड, एक दिवस फिका पाजतेयस. आणि स्वतः फिका पिताना तुझं तोंड बघण्यासारखं होतं. आज तर तुझी नजर डाव्या कपावरून हलत नाहीये. मला उंदीर समजलीस का?"

माझ्या तोंडून भलतंच फुटलं. "तुला कळत होतं? मग तू गोड का नाही घेतलास? रोज डावाच का?"

"उजवा हात उचलत नाही म्हणून," ती म्हणाली.

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं, बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगावं तसं. उजवा हात तिने मांडीवरच्या शालीतून बाहेर काढला. किती दिवस तो शालीखालीच होता, आणि मला वाटत होतं, थंडी वाजते म्हणून. मनगट सुजून लाल झालं होतं. बोटं आखडलेली. अंगठा तर वळतच नव्हता. डाव्या हातातही कप वेढून धरून कसाबसा उचलण्याइतकाच जोर होता. "आणि डाव्या हाताने पलीकडचा कप घ्यायला गेले तर हिंदकळतो. सांडला असता म्हणजे आईने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून जवळचा घ्यायचे."

"अगं पण सांगायचं नाही का? डॉक्टरला तर तू बरं आहे म्हणालीस!"

"किती वेळा दुखतं दुखतं करायचं? मलाच कंटाळा आला माझा. आई लगेच रडते. तू लगेच तुझ्या त्या सुजेवर भाषण देतेस. पण हात कधी हातात घेऊन बघितलास?"

नव्हता घेतला. सूज हा शब्द मी दिवसातून शंभरदा उच्चारते. तिच्या मनाला काय झालंय याच्या विचाराने माझी झोप उडाली होती, आणि मनगटाकडे लक्षच नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ते याहून वेगळं काय असतं! मी तिचा हात हातात घेतला. तो गरम होता. तिने दात आवळले, पण हात काढून घेतला नाही.

"यात तेच ना?" तिने कपाकडे हनुवटी केली. "आई म्हणत होती ते पानांचं?"

"हो."

"उंदीर बरे झाले त्याने?"

"काही काही. जास्त वेळ पोहले."

"पोहले म्हणजे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. काचेचं भांडं, पाणी, घड्याळ. हातपाय मारतो तो बरा, नुसता तरंगतो तो हताश. ती लक्ष देऊन ऐकत होती. शिवायला आणलेलं कापड बोटांनी चाचपताना ती अशीच गढून जायची.

"आणि तरंगतो तो बुडतो का?" तिने विचारलं.

"नाही. वेळ संपली की आम्ही बाहेर काढतो."

"मग तो हताश कुठला? शहाणा आहे की तो. अंग दुखत असेल बिचाऱ्याचं. त्याला ठाऊक असतं, हात मारून इथून सुटका नाही, कोणीतरी येऊन उचलणार आहे, तोवर नाक वर ठेवायचं." मग म्हणाली, "मीही तरंगतच होते गं, छोटी. म्हटलं, तू आहेस, तू काढशील बाहेर. तर तू आपली घड्याळ घेऊन बसलीस."

मी दोन्ही कप उचलले आणि मोरीत ओतले. घाईत एक बशी हातातून सुटून फुटली. आई न्हाणीघरातून ओरडली, "काय फोडलंत?" ताई पुढच्या खोलीतून ओरडली, "नशीब फोडलं तुझं, अंघोळ कर!" महिनोन्महिने आमच्या घरात ती असं ओरडली नव्हती. मी मोरीवर वाकून आधी हसले आणि मग मला काही आवरेना.

त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मनगट बघितलं आणि आधी तिला झापलं, मग मला. आजार आतल्या आत पुन्हा उसळला होता. गोळ्या अपुऱ्या पडत होत्या आणि ही बाई "बरं आहे" म्हणत होती. औषध बदललं, हाताला पट्टी दिली. मी पानांचा विषय काढला तर डॉक्टर म्हणाला, "या गोळ्यांबरोबर तसलं काही पोटात गेलं तर मी जबाबदार नाही, आणि तुम्ही तर शिकलेल्या दिसता." आईने ते ऐकलं आणि छताकडे बघितलं. मनाच्या डॉक्टरकडेही ताई गेली, पण कुरकुरत, आणि परत येऊन म्हणाली, "चांगला आहे. ऐकून तरी घेतो."

प्रयोगशाळेत मी साहेबांना सांगितलं, की आपण उंदीर किती पोहतो ते मोजतो, पण त्याचं अंग दुखतंय का ते बघतच नाही. ज्याचे सांधे ठणकतात तो पोहणार कशाला? आपला अर्क मन हलकं करतो की नुसती ठणक कमी करतो, हे आपल्याला माहीतच नाही. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे सगळं परत?"

"सगळं परत, सर."

"आणि बातमीचं काय?"

"त्यात उंदीर घाला परत," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मला वाटतं तेही खरंच दमले होते.

ताई एकदम बरी झाली असं काही मी सांगणार नाही. अजूनही काही दिवस ती खिडकीशी गप्प बसते. मशीनवरची चादर तशीच आहे. सुई धरायला अंगठा अजून वळत नाही, आणि कधी वळेल ते डॉक्टरही सांगत नाही. मी कामावरून आले की आधी तिचे दोन्ही हात हातात घेते, एकेक बोट दाबून बघते आणि दुखलं की सांग म्हणते. ती सांगते. आई म्हणते, आता हिने नवीनच नाटक सुरू केलं.

आज सकाळी मी तिच्यासमोर एकच कप ठेवला, डावीकडे, कान तिच्या हाताकडे करून. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, हळू, पट्टीसकट. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"छोटी," ती म्हणाली, "साखर संपलीय का घरातली? हा काय चहा आहे?"

मी चटकन उठून डबा आणायला गेले.